मिनेसोटाची थंडी, माझी झुरळं आणि बाबांचं डालं

आईनं यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या आमच्या गावात अजून कोणालाच सांगितलं नाही की तिचा पोरगा अमेरिकेत झुरळं पोसतो. कंपनीत आहे एवढंच सांगते.

झालं असं की पोरीनं हट्टानं बिअर्डेड ड्रॅगन आणला, म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा, त्याला जिवंत किडे लागतात आणि दर आठवड्याला विकत आणायचे तर खिसा रिकामा, म्हणून घरीच एका प्लास्टिकच्या पेटीत डुबिया जातीची झुरळं ठेवली. आपल्या मोरीतलं झुरळ नाही हे, दक्षिण अमेरिकेतलं आहे, चार-साडेचार सेंटिमीटर लांब, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, आणि मादी अंडी पोटातच उबवून एका वेळी २०-३० पिल्लं देते. (फ्लोरिडात विकणारे हे सहसा पाठवत नाहीत, तिथल्या गरम दमट हवेत सुटलं तर कायमचं राह्यचं.) त्याला ऊब मात्र पाहिजे. ३०-३२ डिग्रीत मस्त वाढतं, २० च्या खाली गेलं की खाणं कमी आणि पिल्लं बंद.

आणि मी राहतो मिनेसोटात, अमेरिकेच्या पार उत्तरेला. आपल्याकडे पारा ८ वर आला की चौकात शेकोटी पेटते, इथं जानेवारीत सकाळी उणे २५.

पहिलं पार्सल दारात तासभर पडून राह्यलं, मी मीटिंगमध्ये होतो. आत हीट पॅक (ऊब देणारी पुडी) होता पण पॅकिंगमध्ये घट्ट दाबलेला, त्यातल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली तरच ते तापतं ना, ते थंडगार. झुरळं सगळी पाय आखडून उताणी. मी कचऱ्याची पिशवीच काढली होती, तेवढ्यात बायको म्हणे थांब जरा. डबा नुसता घरात ठेवला, हीटरजवळ नाही, एकदम शेकायचं नाही. दोनेक तासांनी एकाची मिशी हलली. मग एक पाय. संध्याकाळपर्यंत निम्म्याच्या वर चालायला लागली, मेलेली मात्र सरड्याला दिली नाहीत. आता पार्सल थेट पोस्टात ठेवायला सांगतो आणि जाऊन घेऊन येतो.

मग दुसरा शहाणपणा. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आणली आणि पेटीच्या पूर्ण तळाखाली टाकली, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज बंद-चालू करणारं यंत्र) वगैरे काही नाही. तळ चटके बसण्याइतका तापला, झाकणाला आतून पाणी सुटलं, झुरळांना बसायला ठेवलेले अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे ओले होऊन बुरशी धरली, वास तर विचारूच नका. त्या दिवशी बाबांचा फोन आला. इथं सकाळचे साडेदहा, तिकडं रात्रीचे दहा, ते हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात, कारण तेव्हा शेताची लाइन रात्रीच यायची.

"अबे, तू झुरयं पोसतं?" हे झाल्यावर पुढचं एकदम सिरीयस. "आपण कोंबडीचे पिल्लं कसे ठेवतो? डाल्यात बल्ब एकाच बाजूनं लावाचा. दुसरी बाजू मोकयी. पिल्लू आपलं आपण सरकते. एका जागी गोया झाले म्हंजे थंडी वाजून राह्यली, कडेले पांगले म्हंजे तपलं. तुले मीटर काऊन पाह्यजे?"

मीटर मी घेतलंच, थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, ट्रेमध्ये खोचला. पण मॅट आता पेटीच्या एकाच बाजूला, बाहेरून चिकटवलेली. ट्रे उभे लावले, म्हणजे घाण खाली पडते. झाकणाला जाळी. पाण्याची वाटी काढून टाकली, त्याऐवजी गाजर आणि संत्र्याच्या फोडी देतो (इथली संत्री, काय सांगू, नागपूरवाल्यानं खाऊच नये). आणि खरंच, थंडी वाढली की सगळी मॅटच्या बाजूला एकावर एक गोळा होतात, बाबांच्या पिल्लांसारखीच.

फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात लाइन गेली, रात्रभर. लोडशेडिंगमध्ये वाढलेला माणूस मी, पण इथं लाइन नाही म्हणजे हीटरही नाही. गॅसवर पाणी तापवून दोन बाटल्या भरल्या, टॉवेलात गुंडाळून पेटीसकट थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या, वरून गोधडी, पण एक कोपरा हवेला उघडा. दर दोन-अडीच तासांनी बाटल्या बदलल्या. सकाळी घरात १३, पेटीत १९. झुरळं सुस्त होती पण जिवंत. सरड्याला मात्र काही दिलं नाही, अंग थंड असलं की त्याला अन्न पचत नाही, तर लाइन येईपर्यंत त्याला उपास.