सहा सेकंदांत वाचायचा फलक

ह्यूस्टनला नवीन होते तेव्हाची गोष्ट. आय-१० महामार्गावर कमानीवरच्या दिव्यांच्या फलकावर केशरी अक्षरं होती: पुढे अपघात, उजवी लेन बंद. कुठपासून बंद, ते दुसऱ्या पानावर, म्हणजे त्याच फलकावर नंतर येणाऱ्या मजकुरात. मजकूर बदलायची वाट बघत मी वरच पाहत राहिले. खाली नजर आली तेव्हा समोरच्या गाडीचे ब्रेकदिवे लागलेले होते. मी थांबले तेव्हा मध्ये जेमतेम एका गाडीचं अंतर उरलं होतं. मुलगी मागे बसली होती.

त्यानंतर मी हे फलक नीट समजून घेतले. अमेरिकेच्या नियमपुस्तिकेनुसार वेगवान रस्त्यावरचा असा फलक दिवसा किमान ८०० फुटांवरून आणि रात्री ६०० फुटांवरून वाचता यायला हवा. ताशी ७० मैल वेगाने गाडी एका सेकंदात १०० फुटांहून जास्त पुढे जाते. म्हणजे दिवसा आठ सेकंदही मिळत नाहीत, रात्री तर सहाही नाहीत. त्यातच आरसे बघायचे आणि लेन सांभाळायची. म्हणून एका पानावर तीनच ओळी, ओळीत जास्तीत जास्त २० अक्षरं आणि पानं दोनच. माझ्या मते दुसरं पानही नको.

रात्री दिवे मंद केले नाहीत तर ठिपके एकमेकांत मिसळून अक्षर फुगतं. चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना, त्यात काचेवर पाऊस असेल तर, हा त्रास जास्तच.

पण अक्षर स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, असंही नाही. टेक्सासमध्ये २०१२ पासून महिन्यातला एक आठवडा याच फलकांवर वर्षभरातल्या रस्ते-मृत्यूंचा आकडा दाखवत. हेतू चांगला होता. पण जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसन या संशोधकांचा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला: त्या आठवड्यांत फलकापुढच्या १० किलोमीटरमध्ये अपघात साडेचार टक्क्यांनी वाढले होते. आकडा वाचून मन तिथेच अडकतं, असं त्यांचं म्हणणं. माझं मन त्या दिवशी नुसत्या लेनच्या मजकुरात अडकलं होतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

आपल्या देवनागरीला तर आणखी जागा लागते. 'पुढे' या एका शब्दात खाली उकार, वर मात्रा. तेवढ्याच उंचीच्या फलकावर दोन्ही बसवायचे तर मधलं अक्षर लहान होतं. मग फलक तरी मोठा हवा, नाहीतर शब्द तरी कमी हवेत.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरून जाल तेव्हा शेजारी बसणाऱ्याने एवढं बघा: मराठी मजकूर कितव्या सेकंदाला वाचून होतो? चालवणाऱ्याने मात्र नको. मला कळवा.