बोर्डावर चाय लिहिलंय, पण चहा मिळत नाही

व्हिएतनाममधल्या होई आनला पोचलो त्या दुपारी एका गल्लीत बोर्डावर सी-एच-ए-वाय अशी अक्षरं दिसली आणि आम्ही दोघं पाठीवरच्या सॅकसकट आत घुसलो. एप्रिलचं ऊन, टीशर्ट पिळून काढावा इतका घाम, पण चहा तो चहा. दोन बोटं दाखवून 'चाय' म्हटलं, काकूंनी हसून मान हलवली आणि दहा मिनिटांनी समोर नूडल्सचे दोन वाडगे, वर टोफू, मशरूम आणि कच्च्या पाल्याचा हा ढीग!! व्हिएतनामीत चाय म्हणजे शाकाहारी. पुढचे पाच दिवस मी या एका शब्दावर जगलो.

कारण तिथे नुस्तं 'नो मीट' म्हणून काही होत नाही. मटण काढतील, पण नुओक माम म्हणजे मासे मुरवून केलेला सॉस, तो सगळ्यात असतो, त्यात त्यांना काही मांसाहारी वाटतच नाही. 'आन चाय' म्हटलं की मात्र गोष्ट बौद्ध उपासाच्या पातळीवर जाते आणि काकू स्वतःच सॉसची बाटली बाजूला करतात. माझा मित्र मालवणचा, त्याला सगळं चालतं, उलट त्या सॉसचा वास आला की त्याला घरची आठवण यायची, त्यामुळे जेवणावरून आमची भांडणं झाली नाहीत, झाली ती फॅनच्या स्पीडवरून.

बरं, प्लॅन मुळात वेगळा होता. मुंबई-सायगाव विमान, मग वर हनोईपर्यंत, मध्ये सहा शहरं, सगळं नऊ दिवसात. सायगावहून दा नांगला रात्रीच्या ट्रेननं आलो, सोळा-सतरा तास, चार बर्थचा डबा, सकाळी खिडकीतून भातशेती दिसली आणि दोघंही म्हणालो की अरे हे तर कोकण. तिथून होई आन तीसेक किलोमीटर. आणि तिथे आल्यावर पुढची सगळी बुकिंगं कॅन्सल केली. थोडे पैसे बुडाले. पण सांगतो, नऊ दिवसात अख्खा देश उरकणं म्हणजे पंगतीत सगळे पदार्थ एकेक घास चाखून उठण्यासारखं आहे, पोट भरत नाही आणि चवही लक्षात राहत नाही.

स्कूटरचं एक सांगून ठेवतो. तिथे सगळे बिनधास्त भाड्यानं देतात, कोणी लायसन विचारत नाही, पण आपलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट रस्तेवाहतुकीच्या 1949 च्या करारातलं असतं आणि व्हिएतनाम 1968 च्या करारातलं मानतं, म्हणजे कायद्यानं ते चालत नाही, आणि काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करणार. आम्ही सायकली घेतल्या. गाव सपाट आहे, दम लागत नाही.

पैशांचा घोळ तर होणारच. चहाच्या ऐवजी आता कॉफी पीत होतो, का फे सुआ दा, खाली कंडेन्स्ड मिल्क, वर काळी कडक कॉफी आणि बर्फ. वीस हजार डोंग झाले, मी निळी नोट दिली आणि सायकलवर टांग मारली. मागून ओरडाओरडा. कॉफीवाल्या आजी चपला फटफट वाजवत धावत येतायत, हातात माझी नोट. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखाचीही निळसरच, मी सत्तर रुपयांच्या कॉफीला सोळा-सतराशे रुपये देऊन निघालो होतो! आजींनी माझं पाकीट उघडायला लावलं, स्वतः बरोबर नोट काढली, तिच्यामागे छापलेला पूल दाखवला आणि मग नदीच्या दिशेला बोट केलं. तो त्यांच्या गावातलाच जपानी पूल. ओळखायची खूण पक्की झाली.

तिसऱ्या दिवशी 'मी सन' नावाच्या जागी गेलो. साधारण चाळीस किलोमीटर, चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये इथल्या जुन्या चाम राजांची विटांची शंकराची देवळं. पहाटेच जा, दहानंतर तिथे तवा तापतो. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं इथे भद्रेश्वराची स्थापना केली, देवाला स्वतःचं नाव जोडून, आपल्याकडेही हेच करत आलेत की. शिलालेखात संस्कृत आहे. विटांच्या मध्ये चुना दिसतच नाही, नुसती वीट वीटेला चिकटलेली. सत्तरच्या वर देवळं होती, 1969 साली अमेरिकी बॉम्ब पडले आणि सगळ्यात मोठं देऊळ गेलं, आता वीसेक उरलीत. देवळाच्या शेजारी बॉम्बचा खड्डा, त्यात गवत वाढलेलं, ते बघून आमची बडबड थांबली. मग कळलं की आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी 2017 पासून काही वर्षं इथे डागडुजी केली आणि 2020 मध्ये काम चालू असतानाच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आईला व्हिडिओ कॉल लावला, तर तिचा पहिला प्रश्न, "पिंडीवर पाणी कोण घालतं रे रोज?" कोणी नाही गं आई. तिला ते काही पटलं नाही.

चौथ्या संध्याकाळी गावात दिवे घालवले. त्यांचा महिनाही अमावास्येच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे त्यांची चौदावी तिथी म्हणजे साधारण आपली शुद्ध चतुर्दशी, त्या रात्री जुन्या गावात फक्त कागदी-रेशमी कंदील. फोटोत दिसतं तितकं शांत अजिबात नसतं, नदीकाठी तुळशीबागेसारखी गर्दी आणि होडीवाले हाताला धरून ओढतात. पण दोन गल्ल्या आत गेलं की घरोघरी दारात छोटं टेबल मांडलेलं, त्यावर फळं, फुलं, उदबत्त्या, आणि म्हातारी माणसं हात जोडून उभी. आम्ही तिथेच एका पायरीवर बसून राहिलो, कोणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. मित्र सकाळी त्याच्या ठरलेल्या गाडीवर पोर्कवालं बान्ह मी सँडविच खायला गेला आणि पाच मिनिटात तोंड पाडून परत आला. गाडीवर एकच पाटी होती, चाय. बाईंनी त्याला टोफूचं सँडविच दिलं आणि वरून हात जोडले. त्यानं खाल्लं बिचाऱ्यानं, आणि दिवसभर मला विचारत होता की यांची पुढची तिथी कधी येते.