भीमगडात कॅमेरा ट्रॅप लावायला जाताय?

यंदाच्या हिवाळ्यात कॅमेरा ट्रॅपिंगच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे जंगलात लावण्याच्या कामासाठी भीमगड अभयारण्यात राहून आले. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचं हे साधारण १९० चौरस किलोमीटरचं जंगल. अभयारण्याचा दर्जा २०११ चा. एका अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, त्यामुळे वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेत हे मधलं रान फार मोलाचं. पण रान रिकामं नाही. गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, आमगाव ही मराठी बोलणारी गावं आतच आहेत, आणि तुमचं काम होणार की अडणार हे बरंचसं तिथंच ठरतं.

आधी कागद. संशोधनाची परवानगी बंगळूरच्या अरण्य भवनातून, मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते. हातात काही महिने ठेवूनच अर्ज करा. मग बेळगावचं डीसीएफ (उपवनसंरक्षक) कार्यालय, मग रेंज, म्हणजे वनपरिक्षेत्राचं कार्यालय. प्रत्येक ठिकाणी पत्राची प्रत द्या आणि पोच घ्या. ही परवानगी कर्नाटकापुरतीच. म्हादईत किंवा तिळारीत पाऊल टाकायचं तर गोव्याची आणि महाराष्ट्राची वेगळी काढावी लागते. खात्याचा कारभार कन्नडमध्ये चालतो, म्हणून कन्नड वाचणारा एक सहकारी बरोबर असलेला बरा. गार्ड आणि वॉचर मात्र मराठीत व्यवस्थित बोलतात.

कॅमेरे बांधण्याआधी गावात जा. मी पहिल्या संध्याकाळी एका गावात देवळासमोर बसले, कॅमेरा उघडून दाखवला. एका आजोबांनी सरळ विचारलं, "मॅडम, लाकडं आणायची वाट हाय ही. आमचा फोटो निघाला तर केस घालणार न्हवं?" प्रश्न रास्तच होता. ही गावं अभयारण्याबाहेर हलवायची का, हा स्थलांतराचा विषय इथं वर्षानुवर्षं तापलेला आहे. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि पक्का रस्ता मागितला की अभयारण्याचा नियम पुढे येतो. अशात बाहेरून आलेला माणूस झाडांना यंत्रं बांधू लागला, तर लोक त्याला स्थलांतराचा सर्व्हे समजणारच. माणसांचे फोटो आम्ही पुसतो, कुणाला देत नाही, हे मी सांगितलं. पण त्याआधी खात्याशी तसं लेखी ठरवून घेतलं होतं. तुम्हीही घ्या. नुसता तोंडी शब्द देऊन पुढे तो पाळता आला नाही, तर तुमच्यामागून येणाऱ्याला त्या गावात कुणी पाणीही विचारणार नाही. स्थलांतर बरं की वाईट, यावर मत मागितलं तर गप्प राहणंच शहाणपणाचं.

दुसऱ्या दिवशी तेच आजोबा बरोबर आले. कोळसुंद्यांचा (रानकुत्र्यांचा) कळप कुठल्या तिठ्यावर विष्ठा टाकतो, गवे कुठल्या ओढ्यावर उतरतात, अस्वल करवंदीच्या जाळीत कधी शिरतं, हे नकाशावर शोधत बसले असते तर हंगाम गेला असता. गावातल्या वाटाड्याला रोजची मजुरी ठरवून द्या, आणि रोजच्या रोज द्या.

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला, वाटेच्या दोन्ही बाजूंना. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके डाव्या-उजव्या कुशीवर वेगळे असतात, एका कुशीच्या फोटोवरून प्राणी पक्का ओळखता येत नाही. दोन कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत, एकाच्या फ्लॅशनं दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. पुढचं गवत साफ करा, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या पात्यांचे हजारो फोटो बघत बसाल. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी डब्यात हवीच. थंडीत पहाटेचं दव बॅटरीच्या कप्प्यापर्यंत पोचतं.

इथल्या बारापेडे गुहांचं आकर्षण सगळ्यांना असतं. रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट या वटवाघळाचं वर्णन १९१३ साली इथल्याच नमुन्यांवरून झालं आणि पुढे कित्येक दशकं जगात त्याचं हे एकच ठिकाण माहीत होतं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मोडणारी ही जात आहे. परवान्यात गुहेचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तिकडे फिरकूसुद्धा नका. ढोली किंवा गुहा "फक्त बघून येतो" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. विसाव्याला बसलेली वटवाघळं टॉर्चनं उठवली की त्यांची शक्ती फुकट जाते.

धोक्यांचं म्हणाल तर वाघापेक्षा अस्वलाला भ्या. दाट झाडीत बोलत, काठी आपटत चाला. धानाच्या दिवसांत दांडेलीकडून हत्ती खानापुरापर्यंत येतात, तेव्हा संध्याकाळनंतर पायी फिरू नका. चापडा हा हिरवा साप हाताच्या उंचीला फांदीवर बसतो, आणि आपल्याकडची नेहमीची प्रतिविषं नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी असतात, म्हणून आधार घेण्याआधी फांदी बघा. गोचीड रोज रात्री अंगावर तपासा. सीमेपलीकडे सत्तरी आणि दोडामार्गात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण निघालेले आहेत. ताप आला तर डॉक्टरांना जंगलात होतो हे आवर्जून सांगा.

जून ते सप्टेंबर इकडे यायचा विचार सोडा, ओढे वाट अडवतात. पेट्रोल, औषधं, बॅटऱ्या खानापुरातच घ्या. आत बहुतेक ठिकाणी मोबाईल लागत नाही, म्हणून नकाशे उतरवून ठेवा, आणि कुठल्या वाटेनं गेलात, कधी परतणार हे गार्डला कागदावर लिहून द्या. राहायची सोय गावातच झाली तर चहापूड, साखर घेऊन जा. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं सार समोर येईल, त्याचे पैसे काकू घेणार नाहीत.