थॉमस मर्टन वाचायचा तर मागून पुढे वाचा (माझा अनुभव)

गेल्या वर्षी ऑफिसमधल्या मैत्रिणीची आई गेली, तिच्या महिन्याच्या मिस्साला (चर्चमधली प्रार्थना) वसईला गेले होते. मिस्सा मराठीत होती त्यामुळे सगळं समजत होतं, पण खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे, परतीची ट्रेन होती ना. शेवटी फादरनी खिशातून एक कागद काढून एक प्रार्थना वाचली आणि मी सरळ होऊन बसले. अर्थ साधारण असा, की देवा मी कुठे चाललोय मला काही कळत नाहीये, पुढचा रस्ता दिसत नाही, मी स्वतःलाही नीट ओळखत नाही, आणि तुझ्या इच्छेप्रमाणे चाललोय असं मला वाटतं म्हणून मी खरंच तसा चाललोय असंही नाही, पण तुला आवडेल असं वागावं असं मला मनापासून वाटतं आणि ते वाटणं तरी तुला आवडत असणार. आमच्याकडे रोज संध्याकाळी हरिपाठ, प्रार्थना म्हणजे खणखणीत आवाजात म्हणायची गोष्ट असंच डोक्यात बसलेलं. इथे चक्क एक संन्यासी देवाला सांगतोय की मला कळत नाहीये! बाहेर चहा घेताना फादरना विचारलं, तर म्हणाले थॉमस मर्टनची आहे, ट्रॅपिस्ट होता, म्हणजे फार कडक नियमांच्या एका कॅथलिक पंथातला संन्यासी, अमेरिकेत केंटकीच्या गेथसेमनी मठात.

ट्रेनमधेच मोबाईलवर शोधलं. सगळ्यात वर 'द सेव्हन स्टोरी माउंटन', 1948 सालचं आत्मचरित्र, लाखोंनी खपलेलं. लगेच मागवून टाकलं आणि तिथेच चुकले.

म्हणजे सुरुवात जबरदस्त आहे हो. जन्म 1915 चा, फ्रान्समधला, बाप न्यूझीलंडचा चित्रकार, आई अमेरिकन. हा सहा वर्षांचा असताना आईला कॅन्सर झाला, याला हॉस्पिटलमधे नेतच नव्हते, मग आईने पत्र लिहून कळवलं की आता आपली भेट होणार नाही. सहा वर्षांच्या पोराला पत्र! ते घेऊन तो मागच्या अंगणात झाडाखाली गेला आणि एकटाच वाचत बसला, पुन्हा पुन्हा, समजेपर्यंत. सोळा वर्षांचा होईपर्यंत बापही गेला. मग केंब्रिज, तिथे नको ते उद्योग, मग न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटी. तिथे त्याला भेटतो महानामव्रत ब्रह्मचारी नावाचा बंगाली साधू. मर्टनला वाटलेलं हा आता आपल्याला हिंदू ग्रंथ सांगणार. साधू म्हणतो, तुमच्यातच सुंदर पुस्तकं आहेत, ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' वाच, 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' वाच. हा प्रसंग मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

पण 1938 ला तो कॅथलिक होतो आणि मग सूरच बदलतो. बाकीच्या पंथांना टोमणे, जगाला नावं ठेवणं, आणि याला सगळं कळलेलं. आमच्याकडे नवीन माळ घातलेला माणूस कसा महिनाभर घरात कुणाला कांदा चिरू देत नाही, तसं. जिने ती प्रार्थना ऐकून पुस्तक मागवलं तिला हा माणूस सापडेचना. किराणाच्या बिलाची खूण घालून पुस्तक ठेवून दिलं ते चार महिने तसंच.

मैत्रिणीने फादरना सांगितलं वाटतं, कारण एक दिवस तिच्याबरोबर एक जुनं पुस्तक आलं आणि निरोप, "शेवटचं आधी वाचा. पहिलं पुस्तक त्यालाच नंतर पटेना." आणि खरंच, 'द साइन ऑफ जोनस' नावाची त्याची मठातली डायरी आहे, 1953 ला छापलेली, त्यात तो म्हणतो की ते आत्मचरित्र ज्याने लिहिलं त्या माणसाचं मी नावही कधी ऐकलेलं नाही. हे वाचून माझा राग निम्मा गेला.

तर आलेलं पुस्तक होतं 'एशियन जर्नल'. 1968 च्या शेवटच्या प्रवासातल्या वह्या, तो गेल्यावर 1973 ला छापल्या. कोलकाता, दिल्ली, धर्मशाळेला दलाई लामांशी तीन भेटी, दार्जिलिंग, मद्रास, मग सिलोन, म्हणजे आताची श्रीलंका. एक सांगते, मधे मधे बौद्ध ग्रंथांचे उतारे आणि ढीगभर टिपा आहेत, पहिल्या वाचनात ते खुशाल सोडा, फक्त तारखा धरून चाला. मला सगळ्यात आवडलं ते दार्जिलिंगचं. चहाच्या मळ्यात राहतोय, सर्दीने बेजार, आणि समोरच्या कांचनगंगेवर वैतागलाय! सगळे दाखवतात ना, बघा बघा, पोस्टकार्डासारखं. मग रात्री स्वप्नात तो डोंगर येतो आणि याला कळतं की डोंगराला दुसरी बाजूही आहे, जिचा फोटो कुणी काढलेला नाही, आणि बघण्यासारखी तीच. सिलोनमधे पोलोन्नरुवाला बुद्धाच्या प्रचंड दगडी मूर्तींसमोर हा ओल्या गवतातून अनवाणी जातो, आणि सोबत आलेले चर्चचे अधिकारी हे आपलं नाही म्हणून मागे झाडाखाली गाइडबुक वाचत बसतात. पुढे आठवडा-दहा दिवसात बँकॉकजवळ एका परिषदेत भाषण करून खोलीवर गेला आणि तिथे बिघडलेल्या पंख्याचा शॉक लागून गेला. तारीख 10 डिसेंबर. मठात गेला होता तीही 10 डिसेंबर, 1941. आणि आयुष्यभर युद्धाविरुद्ध लिहिलेल्या या माणसाचं शरीर अमेरिकेला परत आलं ते व्हिएतनाममधे मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्यांबरोबर, लष्करी विमानातून.

त्यानंतर 'द विस्डम ऑफ द डेझर्ट' घेतलं. लोकलसाठी याहून चांगलं पुस्तक नाही, पातळ आहे आणि गोष्टी चार-सहा ओळींच्या. इजिप्तच्या वाळवंटातले चौथ्या शतकातले संन्यासी. दोन म्हातारे वर्षानुवर्षं एकत्र राहतायत, कधी भांडण नाही. एक म्हणतो, चल लोकांसारखं भांडून बघू, मधे वीट ठेवतो, मी म्हणेन माझी, तू म्हण माझी. ठेवली. ही माझी. नाही, माझी आहे. बरं, तुझी असेल तर घेऊन जा. झालं, भांडण जमलंच नाही! आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या मीटिंगला हे छापून वाटावं असं फार वाटलं.

ती प्रार्थना 'थॉट्स इन सॉलिट्यूड'मधे आहे, छोटं पुस्तक. 'न्यू सीड्स ऑफ कॉन्टेम्प्लेशन' मात्र जड गेलं मला. आधीच्या 1949 च्या पुस्तकाची त्यानेच पुन्हा लिहिलेली आवृत्ती आहे ती, म्हणून 'न्यू' असलेलीच घ्या. रोज दोन पानं, त्यावर नाही. आपण जगाला दाखवायला जो 'मी' उभा केलाय तो देवाच्या ओळखीचाच नाही, हे त्यातलं मुख्य, बाकी मी अजून चावतेय.

पावसाळ्यात 'रेड्स ऑन द अनस्पीकेबल'मधला पावसावरचा लेख वाचा. रानातल्या झोपडीत एकटा, स्टोव्हवर ओटमील शिजतंय, छपरावर पाऊस, आणि म्हणतो की पाऊस फुकट आहे तोवर सांगून ठेवतो, एक दिवस हाही विकतील. याच माणसाने स्वतःच्या मठाच्या चीज विकण्यावर टवाळ कविता केलीय, म्हणजे विनोद भरपूर आहे.

'कॉन्जेक्चर्स ऑफ अ गिल्टी बायस्टँडर'मधला केंटकीतल्या लुईव्हिल शहराचा प्रसंग सगळेच सांगतात, 18 मार्च 1958, भर बाजारातल्या चौकात त्याला अचानक वाटलं की ही सगळी अनोळखी माणसं माझीच आहेत, मी यांच्यापासून वेगळा नाही. मी दादरच्या पुलावर प्रयत्न करून पाहिला. कुणीतरी पायावर पाय दिला.

मग त्याच्याविषयीची पुस्तकं. आधी जिम फॉरेस्टचं 'लिव्हिंग विथ विस्डम', कारण तो त्याला ओळखायचा, लिहिणं साधं आहे आणि फोटो आहेत. मायकल मॉटचं 1984 चं चरित्र सगळ्यात तपशीलवार पण इतकं जाड की ट्रेनमधे नेणं अशक्य, घरी टेबलावरच वाचावं लागतं. पूर्ण डायऱ्या सात खंडांत आल्यात, मृत्यूनंतर 25 वर्षं छापू नका असं तोच सांगून गेला होता. सहावा खंड वाचताना जरा दम धरा. 1966 ला पाठीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता तेव्हा तिथल्या शिकाऊ नर्सच्या प्रेमात पडला, वय 51. फोन, पत्रं, चोरून भेटी, मठाधिपतींना कळणं, सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय आणि लपवायचं नाही असंही. मैत्रीण म्हणाली, छे, मला नाही वाचवत. मला उलट तिथेच खात्री पटली की ती प्रार्थना लिहिणारा हाच.

एवढं सगळं झाल्यावर जूनमधे ते पहिलं पुस्तक पुन्हा काढलं. टोमणे तसेच होते, या वेळी हसू आलं. आणि शेवटाकडे धाकट्या भावाचं येतं, जे मला माहीतच नव्हतं. लहानपणी हा मित्रांबरोबर खोपटं बांधायचा आणि मागे आलेल्या भावाला दगड मारून पिटाळायचा, भाऊ पळून जायचा नाही आणि जवळही यायचा नाही, लांब उभा राहून बघत बसायचा. मग 1942 मधे तो भाऊ युद्धावर जायच्या आधी मठात भेटायला येतो. चर्चमधे लांब, एकटा, युनिफॉर्ममधे गुडघे टेकून बसलाय. मर्टन खालून खुणा करतोय की इकडे ये, आणि त्याला येण्याची वाटच सापडत नाहीये. पुढच्या एप्रिलमधे त्याचं विमान समुद्रात पडलं.

ही पानं किराणाच्या बिलाच्या खूप पुढे होती.