तुम्ही विचारलंत म्हणून: कातळ चढताना टॉप रोपवर जमतं, मग लीडवर का अडतं?

नवख्यांसाठी: टॉप रोपवर रोप, म्हणजे दोर, वरून आलेली असते. लीडला ती आपणच खालून वर नेतो आणि कातळात ठोकलेल्या बोल्टांना अडकवत जातो.

"टॉप रोपवर जो रूट (चढाईची वाट) हसतखेळत होतो, त्याच रूटवर लीडला गेलं की बोल्टच्या वर जाताच पाय शिवणयंत्रासारखा थडथडतो. काय करू?" यावर 'मन घट्ट कर' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याने फक्त मुठी घट्ट होतात.

आधी हिशेब करा. कमरेला रोप बांधलेली गाठ बोल्टच्या 1 मीटर वर असताना हात सुटला, तर 2 मीटर पडाल. रोपची ढील आणि ताण धरून आणखी मीटरभर. खाली मोकळी भिंत असेल तर बहुधा नुसता झोका बसतो. टप्पा, म्हणजे पुढे आलेली कातळाची पायरी, असेल तर घोटा जातो. सह्याद्रीचा कातळ लाव्हाच्या थरांचा, त्यामुळे सरळसोट दिसणाऱ्या कड्यालाही मधेमधे टप्पे असतात, वर सुटे दगड. तिथली भीती खरी आहे, तिचं ऐकावं. घालवायची ती मोकळ्या भिंतीवरची.

आणि ती पडूनच जाते. जागा निवडा: किंचित पुढे झुकलेली भिंत, पाचव्या बोल्टच्या वर. बदामीच्या वालुकाश्मावरचा असा बोल्ट मारलेला रूट चालेल, किंवा शहरातली कृत्रिम भिंत. रोप डायनॅमिकच (ताणली जाणारी) हवी, हेल्मेट हवं, कमरेची आठाची गाठ दोघांनी तपासलेली हवी. पहिले फॉल बोल्ट छातीशी असताना घ्या, मग कमरेशी, गुडघ्याशी, पावलांशी. एका उंचीवर पडायचा कंटाळा आला की मगच पुढची. दिवसाला चार-पाच पुरे. पडताना श्वास सोडा, गुडघे सैल, पावलं भिंतीकडे. रोप पायामागे राहिली तर उलटे व्हाल. क्विकड्रॉ (बोल्टला रोप अडकवायचा कड्यांचा पट्टा) पकडायला जाऊ नका, बोट अडकतं.

अर्धं काम बिलेअरचं, म्हणजे खाली रोप सांभाळणाऱ्या जोडीदाराचं. तो घाबरून रोप ताणून धरतो, मग तुम्ही भिंतीवर आदळता आणि आधीपेक्षा जास्त घाबरता. रोपला ताण येतो त्या क्षणी त्याने हलकी उडी घ्यायची. ब्रेकचा (रोप रोखून धरणारा) हात मात्र कधीच सुटायचा नाही.

चढताना पाहा: भीतीने पकड आवळली जाते, आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, हात पंप होतात, म्हणजे फुगून ताठरतात. नजरही हातांवरच खिळते. बूट टेकेपर्यंत पावलाकडेच बघा. हात सरळ ठेवून विसावता येईल अशी जागा शोधा, तिथून पुढच्या तीन-चार चाली ठरवा आणि मधे विचार बंद. बोल्ट डोक्यावर असताना हात लांबवून क्लिप करायची (रोप क्विकड्रॉत अडकवायची) घाई नको. खेचून घेतलेली ती सगळी रोप म्हणजे वाढीव फॉल. जमेल तिथे कमरेशी आल्यावरच करा.

तोंडात 'टेक' (बिलेअरला 'रोप आवळून मला धर' ही हाक) आलं की खाली नजर टाका. खाली मोकळं असेल, तर आणखी एक चाल करून मग ओरडा.