त्रेचाळीस पॉइंट दहा

नदीची पातळी लिहिताना फूट आणि इंच यांच्यामध्ये टिंब टाकायची सवय सांगलीत नेमकी कुणी लावली, देव जाणे. आकडे पाठवणारा टाकतो, त्याचं बघून वार्ताहर टाकतो, वार्ताहराचं बघून बातम्या तपासणारं आमचं डेस्क टाकतं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४३ फूट ९ इंचांवर असली की मोबाइलवर येतं ‘४३.९’. नदीकाठी वाढलेल्या माणसाला त्यात काही खटकत नाही. टिंबाच्या पुढे इंच, हे त्याचं बाळकडू. घोटाळा सुरू होतो तो नवाच्या पुढे. नऊ इंचांनंतर दहा, म्हणजे ‘४३.१०’. हा आकडा आपण वाचतो तसा कॉम्प्युटर वाचत नाही.

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे. बाहेरच्यांना वाटतं की पेपर एकदाच छापतात. तसं नसतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे जाणारी डाक आवृत्ती लवकर सोडावी लागते आणि शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या आसपास. त्यामुळे पुराचं पान सगळ्यांत आधी जातं ते जिथे कित्येकदा ऑगस्टमध्येही टँकर सुरू असतात त्या तालुक्यांना. या विनोदावर आता डेस्कवर कुणी हसत नाही.

नव्या मुलांचा सराव घ्यायचं काम माझ्याकडे आहे. वरून कुणी सोपवलेलं नाही, दुसरं कुणी करत नाही म्हणून. पद्धत साधी. चारशे शब्दांची प्रेसनोट द्यायची आणि एकशे वीस शब्दांत बातमी मागायची. ‘मा.’ काढा. ‘मान्यवरांच्या शुभहस्ते संपन्न’ काढा. ‘यावेळी बोलताना ते पुढे म्हणाले’ यातला ‘म्हणाले’ तेवढा ठेवा. ‘दरम्यान’ने परिच्छेद सुरू केला तर चहा तुमच्याकडून. ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ हे वाक्य दिसलं की मी कॉपी न वाचता परत करतो. मेलेल्या माणसाबद्दल हळहळ वाटते हे वाचकाला सांगावं लागत नाही.

पाण्याच्या बातम्यांचा तर मी वेगळा तासच घेतो. ‘कोयनेतून ५० हजार टीएमसी विसर्ग’ असं लिहिणारे अनुभवी वार्ताहर मी पाहिलेत. अख्ख्या कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. टीएमसी म्हणजे साठा, शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेकने पूर्ण दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. हे गणित मी फळ्यावर करून दाखवतो आणि मला ते करायला आवडतं, हेही सांगून टाकतो.

तर त्या संध्याकाळी पुराची मुख्य बातमी मी एका प्रशिक्षणार्थी मुलीकडे दिली होती. सरावातली सगळ्यांत हुशार तीच. तिच्यापुढे पाच-सहा वार्ताहरांच्या कॉप्या, व्हॉट्सअ‍ॅपवर तासातासाला येणारी पातळी आणि चौकटीसाठी आलेख करायचं काम. तिने आकडे एक्सेलमध्ये भरले. पाच वाजता ४३.७, सहाला ४३.८, सातला ४३.९, आठला ४३.१०. एक्सेलने शेवटच्या आकड्यातलं शून्य गिळलं, ४३.१ केलं आणि आलेखाची रेघ सरळ खाली आणली.

तिची कॉपी माझ्याकडे आली. हेडिंग, ‘कृष्णेला उतार, सांगलीकरांना दिलासा’. इंट्रो, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य, बारा-तेरा शब्दांचा, त्यात वेळ, ठिकाण आणि आकडा. पातळी तासाभरात आठ इंचांनी घटल्याचं दुसऱ्या वाक्यात. कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये, बिनचूक. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, हे कंसात न कोंबता वाक्यात बसवलेलं. एकही ‘दरम्यान’ नाही. पावसाळ्यात माझ्या टेबलावर आलेली ती सगळ्यांत देखणी कॉपी होती आणि तिच्यातली मुख्य गोष्ट सपशेल खोटी होती.

खटकलं ते भाषेमुळे नव्हे. सांगलीत कृष्णा चढते भराभर आणि उतरते अगदी सावकाश, सासरी निघालेल्या मुलीसारखी पाय ओढत. तासाला इंच इंच चढणारं पाणी पुढच्या तासात आठ इंच खाली? तेही धरणाचा विसर्ग आदल्या दिवशी वाढवलेला असताना, आणि ते तिच्याच तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं असताना? मी पुलावर उभ्या असलेल्या फोटोग्राफरला फोन लावला.

“कशाचं उतरतंय वो! मघाशी खांबावरची जी खूण दिसत हुती ती बुडाली की.”

मग ग्रुप उघडला. ४३.१०. हेडिंग फिरवली, आलेख काढून टाकला, त्या जागी बोटीचा फोटो टाकला आणि डाक आवृत्तीचं पान सोडलं. इथवर सगळं रोजच्यासारखंच, कारण पकडणं हेच आमचं काम. पण आमच्याकडे मोबाइलवर बातमी टाकणारा विभाग वेगळा बसतो. त्यांना डेस्कच्या मंजुरीची वाट बघायची नसते, त्यांची स्पर्धा मिनिटांची. त्यांनी तिची हेडिंग आधीच उचलली होती. काही मिनिटांत ती काढली, पण लोकांनी घेतलेला स्क्रीनशॉट कुणाला पुसता येतो? ‘उतार’ लगेच ग्रुपांत फिरला. काढल्याची बातमी कुणी फिरवत नाही.

साडेनऊच्या सुमारास दत्तनगरमधून एका गृहस्थांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त जड गेलं. “साहेब, सामान माळ्यावर चढवत होतो. तुमचं बघून थांबलो. शेजारी म्हणतोय पाणी वाढतंय. आता काय करू?”

“चढवा,” मी म्हणालो. “आणि म्हातारी माणसं घरात असतील तर त्यांना आत्ताच हलवा.”

२०१९ मध्ये इथे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ‘दिलासा’ हा शब्द किती जपून वापरायचा, हे या गावात कुणाला शिकवावं लागू नये.

शहर आवृत्तीला वेगळीच कुस्ती. पान लावणाऱ्या साहेबांना ‘सांगलीला महापुराचा विळखा’ हवं होतं, आठ कॉलम. पाणी ४४ फूट १ इंच, म्हणजे धोका पातळीच्याही खाली आणि हे महापूर घेऊन बसलेले. यांच्या कपाटात दहा हेडिंगं तयार असतात. रौद्ररूप, विळखा, थैमान, हाहाकार. नदी कुठलीही असो, वर्ष कुठलंही असो, कपाट उघडायचं आणि एक काढायचं. मी अडून बसलो. शेवटी गेलं ते असं: ‘धोका पातळीला ११ इंच बाकी’, खाली ‘रात्री ११ ची स्थिती, तासाला एक इंच वाढ’. वेळ हेडिंगलगतच हवी, यावर मी हटत नाही. पेपर सकाळी सहाला दारात पडतो. तोवर आकडा शिळा झालेला असतो, पण वाढीचा वेग आणि वेळ दिली तर वाचक पुढचा हिशेब स्वतः करतो. साहेब म्हणाले, हेडिंग थंड आहे. असेल. पाणी थंडच असतं.

घरी जाण्यापूर्वी मी त्या मुलीने कापलेल्या मूळ कॉप्या काढून वाचल्या. पलूस तालुक्यातले आमचे एक जुने वार्ताहर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची कॉपी म्हणजे डेस्कवरची करमणूक. ‘कृष्णामाईने रौद्ररूप धारण केले असून’ इथून सुरुवात, पुढे सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील यांची नावं आणि शेवटी कधीच न संपणारं एक वाक्य. त्या वाक्याचं शेपूट असं होतं: ‘सायंकाळनंतरही पाण्यात वाढच होत असल्याने नदीकाठच्या गोठ्यांतील जनावरे हलविण्यास सुरुवात झाली असल्याचे समजते.’

पलूस नदीच्या वरच्या अंगाला. तिकडे आज जे पाणी वाढतं ते सांगलीत पोचायचं असतं. नेमकं तेच वाक्य तिने उडवलं होतं. कारण काय, तर ‘समजते’ आहे, माहिती ‘जुनी’ आहे, जागा नाही. सरावात हे वाक्य तिने ठेवलं असतं तर मी गुण कापले असते. ते कापण्यासारखंच वाक्य आहे. आणि त्या सगळ्या ढिगाऱ्यात खरी बातमी तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला रागावलो नाही, फक्त विचारलं की आठ इंच घट बघून शंका कशी आली नाही. ती म्हणाली, “सर, सरावाच्या कॉप्यांमधले आकडे तुम्ही दिलेले असायचे. ते खरे धरूनच चालायचं असायचं ना?” उद्धटपणा नव्हता त्यात. मी चहा मागवला.

तेव्हापासून सरावाच्या कॉपीत मी खोट पेरतो. ३१ जूनला झालेली सभा. पहिल्या परिच्छेदात निधन आणि चौथ्यात त्याच गृहस्थांचं मनोगत. मिरजेहून निघून कोल्हापूरमार्गे पुण्याला जाणारी रेल्वे. बाकीची मुलं भाषा लख्ख करून देतात आणि ३१ जून तसाच ठेवतात. ती मात्र सगळं पकडते. फूट-इंचात टिंब टाकायचं नाही असा कागदही मी भिंतीवर चिकटवलाय. ग्रुपवर आकडे अजून टिंबानेच येतात, तो भाग वेगळा.

आता नवीनच त्रास सुरू झालाय. परवा तिची बेदाणा सौद्याची सिंगल कॉलम बातमी पाऊण तास उशिरा आली. किलोचा दर तिने तीन वेगवेगळ्या अडत्यांना फोन करून विचारला होता. आलेल्या कॉपीतला दर बरोबरच होता. साहेब माझ्यावर उखडले. म्हणाले, हिला जरा आवर, बेदाण्यासाठी पान अडत नसतं. त्यांचंही बरोबर आहे. तिला काय सांगायचं ते अजून ठरत नाही.