दगडफुलांची वही, वर्ष तिसरं: उत्तर दिशा आणि सोलापूरची झाडं

यंदाचा निकाल आधी सांगतो. ‘झाडाच्या उत्तर अंगाला शेवाळ जास्त’ हा नियम घेऊन मी तीन वर्षं फिरलो आणि सोलापुरात तो मला लागू पडताना दिसला नाही. 36 झाडांच्या चारही बाजू मोजल्या. 9 झाडांवर दगडफूल (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वस्ती) उत्तरेला जास्त, 13 वर पश्चिमेला, 3 वर पूर्वेला. उरलेल्या 11 झाडांवर बाजूबाजूत सांगण्यासारखा फरकच नाही. दक्षिण बाजू कुठेही पुढे नाही.

पद्धत गेल्या वर्षीचीच. पारदर्शक प्लास्टिकवर 20 सेंमी लांबी-रुंदीची चौकट, तिच्यात 100 घरं. जमिनीपासून दीड मीटरवर खोडाला लावायची आणि किती घरांत दगडफूल आहे ते मोजायचं. झाडं कडुनिंब, चिंच, आंबा आणि वर्षावृक्ष, बहुतेक कंबर तलाव आणि विजापूर रस्त्याच्या बाजूची. निलगिरी आणि पेरू सुरुवातीलाच वगळले. सालच गळून पडते, तिथे कुणी बस्तान कसं बसवणार?

नियम जिथला आहे तिथे तो बऱ्यापैकी खरा ठरतो. स्वीडन-फिनलंडपासून रशिया आणि कॅनडापर्यंत पसरलेल्या सूचिपर्णी अरण्यांत दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला, तोही कललेला. मोकळ्यावरच्या झाडाचं उत्तर अंग सावलीत राहतं, ओल टिकते, मॉस (नियमातलं शेवाळ) धरतं. दाट स्प्रूसच्या रानात मात्र तिथेही खोड चहूबाजूंनी हिरवं असतं आणि फांद्यांवरून ब्रायोरिया, अस्निया या दगडफुलांच्या दाढ्या लोंबतात. अस्निया लाँगिसिमा तर तीन मीटरच्या पुढेही जाते. ती मुख्यतः तुटलेल्या तुकड्यांतूनच पसरते, म्हणून जुनं रान तोडलं की परत यायला तिला फार काळ लागतो. ही जात आपल्या हिमालयातही आहे. एकदा तिथे जाऊन ती डोळ्यांनी बघायची, हे ठरलेलं आहे.

आता आपलं आकाश बघा. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तरेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊनही खोडाच्या उत्तर अंगावर येतं. उरलेला मे महिना कसा भाजतो हे सोलापूरकरांना सांगायला नको.

मग ठरवतं कोण? माझ्या मते झाडाचा झुकाव. 36 पैकी 24 खोडं थोडीफार कललेली आहेत आणि त्यांतल्या 17 वर दगडफूल वरच्या अंगाला जास्त आहे. पाऊस त्याच अंगावर पडतो, फांद्यांवरचं पाणीही तिथूनच ओघळतं. खालचं अंग कोरडं राहतं. ही गोष्ट मला तलावाकाठच्या एका चिंचेनं शिकवली. जुलैच्या सरीत तिच्याखाली उभा होतो. बेचक्यातून निघालेली पाण्याची धार खोडावरून खाली आली, आणि त्या धारेच्या वाटेवरच मॉसचा बोटभर रुंद पट्टा होता. दोन वर्षं तो पट्टा मी नुसता होकायंत्र लावून ‘पश्चिम’ असा लिहीत होतो. म्हणून यंदा सगळ्या झाडांचा झुकाव ओळंबा धरून पुन्हा नोंदवला.

दगडफुलांची ओळख पटवण्यात यंदा चांगली प्रगती झाली. आपल्याकडची राखाडी, सालीला चिकटलेली चकती बहुतेक वेळा पिक्साइन किंवा डिरिनेरिया असते आणि भिंगातूनही गोंधळ होतो. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधार पडल्यावर मारा: पिक्साइन कोकोज पिवळं चमकतं, कारण त्याच्या वरच्या थरात लायकेक्झँथोन हे चमकणारं द्रव्य असतं. डिरिनेरियाची वरची बाजू तशी चमकत नाही. तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पिवळी पडते. थेंबाची ही युक्ती 1866 सालची, फिनलंडच्या विल्यम नायलँडर यांची. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं पाहून हवेच्या शुद्धतेशी त्यांचा संबंध त्यांनीच त्याच वर्षी मांडला होता.

सगळ्यात आनंदाच्या नोंदी डिसेंबर-जानेवारीतल्या आहेत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासच्या. पाऊस नसताना, नुसत्या दवावर दगडफूल जागं होतं का, हे बघायचं होतं. ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं शैवाल दिसू लागतं, त्यामुळे रंगावरूनच कळतं. सकाळी पावणेसातला चकत्या हिरवट, सव्वाआठला फिक्या, नऊला पुन्हा राख. त्या दिवसाचं अन्न जे काही तयार व्हायचं ते दोन तासांत! हिरवं शैवाल असलेल्या दगडफुलांना दमट हवाही पुरते. नीलहरित जीवाणू असलेल्यांना प्रत्यक्ष पाणी लागतं. माझ्या झाडांवर दुसऱ्या प्रकारचं एकही का सापडलेलं नाही, याचं कारण मला यातच दिसतं.

एक वाईट बातमी. सुरुवात 39 झाडांनी केली होती. रस्त्याकडेच्या तिघांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले गेले आणि त्याखाली दोन वर्षं चौकट लावून मोजलेली जागा गेली. फार वाईट वाटलं. फिरायला येणारे एक काका रोज विचारतात, “झाडाला कीड लागलीय काय हो?” त्यांना भिंग दिलं, थोडं पाणी फवारून रंग बदलताना दाखवला आणि म्हटलं, “काका, काळ्या मसाल्यात पडतं ना दगडफूल, त्याचंच भावंडं हे. झाडाचं काही खात नाही, नुसतं बसतं.” दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन आले.

या पावसाळ्यात सहा कललेल्या खोडांच्या वरच्या आणि खालच्या अंगाला स्पंजच्या पट्ट्या बांधून, प्रत्येक सरीनंतर वजन करून, ओघळणारं पाणी मोजणार आहे. बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरकडे कुणी झाडं मोजत असाल तर दिशेबरोबर झुकावही लिहून ठेवा, आणि खोड कोणत्या अंगाला कललंय तेही. माझ्या वहीत त्यासाठी रकाना आखून ठेवला आहे.